शिकारी जातीच्या कुत्र्याने घरातल्या प्रत्येकाचे ऐकावे यासाठी : नव्याने कुत्रा आणणाऱ्यांकरिता मार्गदर्शक

आमच्या घरी कारवान या देशी शिकारी जातीची कुत्री, हरणी, आली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत पहिल्या तीन महिन्यांत ती माझे जवळपास सगळे ऐकू लागली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग मला चार दिवस बाहेरगावी जावे लागले. दुसऱ्याच सकाळी पत्नीचा फोन आला : हरणी पोडियमवरच्या बागेत कोपऱ्यात उभी आहे, जवळ गेले की दहा पावले पुढे सरकते, आणि पाऊण तास हाका मारूनही घरी यायला तयार नाही. मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगून इकडून "ये, ये" असे ओरडलो, तर ती फोनकडे पाहत उभी राहिली आणि मग दुसरीकडे निघून गेली.

तिला "ये" हा शब्द कळतो, असा माझा समज होता. तिला कळत होते ते एवढेच, की हा माणूस या कट्ट्यापाशी उभा राहून डावा हात मांडीवर आपटून काहीतरी म्हणाला की त्याच्याकडे जायचे असते. त्यात शब्दाचा वाटा किती आणि माझ्या मांडीवरच्या हाताचा किती, हे मी कधी तपासलेच नव्हते. पुढचे सात-आठ महिने आम्ही जे केले, त्यातले जमलेले आणि फसलेले असे दोन्ही येथे क्रमाने देतो. मी व्यावसायिक प्रशिक्षक नाही. पण आज हरणी मी, पत्नी, चौऱ्याहत्तर वर्षांची आई, अकरा वर्षांचा मुलगा आणि सकाळी फिरवायला येणारा माणूस अशा पाच जणांचे ऐकते, आणि तिथवर येताना ज्या चुका आम्ही केल्या, त्या तुम्ही टाळू शकता.

१. आपला कुत्रा कोणत्या प्रकारचा शिकारी आहे, ते आधी ओळखा

"शिकारी कुत्रा" या एका शब्दाखाली तीन निराळे स्वभाव येतात, आणि आज्ञा कोणाची ऐकायची हा प्रश्न तिघांच्या बाबतीत निराळ्या रीतीने उभा राहतो.

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल हे बंदूक घेतलेल्या माणसाच्या जोडीने काम करण्यासाठी घडवलेले कुत्रे आहेत. पडलेला पक्षी शोधायचा, तोंडात अलगद धरायचा आणि माणसाच्या हातात आणून द्यायचा, हे त्यांचे काम. त्यामुळे वळून माणसाकडे पाहण्याची सवय त्यांच्या रक्तातच असते, आणि एका हाताळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणे त्यांना तुलनेने सोपे जाते. ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटांमध्ये लॅब्राडोर इतके का दिसतात, याचे एक कारण हेही आहे.

बीगल हा वासावर चालणारा, कळपाने सशाचा माग काढणारा कुत्रा. त्याचे नाक एकदा जमिनीला लागले, की वर कोण काय म्हणते आहे याच्याशी त्याला फारसे देणेघेणे उरत नाही. बीगल "आईचे ऐकत नाही" असे जेव्हा लोक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा तो त्या क्षणी कोणाचेच ऐकत नसतो.

तिसरा प्रकार नजरेने शिकार करणाऱ्यांचा. आपल्याकडचा कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, तो यातला. (मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातले पूर्वीचे घोरपड्यांचे संस्थान, २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडचेही होते.) लांबवर काही हलले की त्यामागे धावायचे आणि पुढचा निर्णय स्वतःच घ्यायचा, अशी याची घडण आहे. मालक मागे कुठेतरी राहिलेला असतो; त्याला विचारायला वेळच नसतो. शिवाय अनोळखी माणसाने अंगाला हात लावणे कारवानला मुळीच रुचत नाही. म्हणून हाताळणारा बदलणे सर्वांत जास्त जड जाते ते याला, आणि पुढच्या पायऱ्या मी मुख्यतः याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. लॅब्राडोरवाल्यांनी निम्मा वेळ धरावा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे ससा काय किंवा हरीण काय, कुत्र्याकरवी शिकार करणे हा गुन्हा आहे. या लेखातला "शिकारी" हा शब्द फक्त जातीच्या स्वभावापुरता आहे.

२. सामान आणि कागदपत्रे जमवा

कागदपत्रांत रेबीजसह सर्व लसींच्या नोंदी असलेले पुस्तक, ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि मायक्रोचिप बसवली असल्यास तिचा क्रमांक, एवढे एका पाकिटात ठेवा आणि सगळ्यांचे फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. हे आज्ञांच्या लेखात कशाला, असे वाटेल. पण कुत्रा ज्याच्या हातात असताना गोंधळ होतो, तो माणूस आणि ज्याच्याकडे कागद असतात तो माणूस, हे नेमके वेगळे असतात.

सामानात गळ्यातला पट्टा सर्वांत महत्त्वाचा. कारवान, ग्रेहाउंड यांची मान डोक्याएवढी किंवा त्याहून जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की कानांवरून अलगद निघून येतो. ओढ बसली की मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या आणि नवा माणूस फिरवणार असेल तेव्हा त्याच्या जोडीला हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला. पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा. सरावासाठी आठ-दहा मीटरची सुती किंवा नायलॉनची लांब दोरी हवी. बटण दाबून आत-बाहेर होणारी दोरी नको, कारण ती सतत थोडी ताणलेली राहते आणि ताण असतानाच पुढे जाता येते, असा धडा कुत्रा घेतो. खाऊसाठी कमरेला बांधायची पिशवी, एकाच क्रमांकाच्या दोन शिट्ट्या (त्यांच्याविषयी पुढे), आणि एक साधी दोनशे पानी वही. वहीला पर्याय नाही, हे दोन महिन्यांनी तुमच्या लक्षात येईल.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. आईने एकदा शिऱ्यातला बेदाणा बक्षीस म्हणून पुढे केला होता, तो मी वेळेवर हातातून काढून घेतला. द्राक्षे, मनुका, बेदाणे, कांदा आणि चॉकलेट हे कुत्र्यांना विषारी आहे, आणि खाऊ देणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवे.

३. घरातल्या माणसांची बैठक घ्या आणि शब्द ठरवा

कुत्र्याला बाहेर ठेवून करायची ही पायरी आहे आणि माझ्या मते निम्मे काम येथेच होते.

आधी आठवडाभर कोण काय म्हणते, ते फक्त ऐका आणि वहीत लिहून काढा. आमच्या घरी बसवण्यासाठी मी "बस", पत्नी "सिट", मुलगा "ए हरणी, बस ना गं" आणि आई "बसा बघू आता शहाण्यासारखं" असे म्हणत होती. चौघांच्या चार आज्ञा, आणि कुत्री ऐकत नाही अशी तक्रार मात्र चौघांची एकच.

मराठीत आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांवरून कुत्रा शिकवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. "बस" हा शब्द आपण दिवसातून किती वेळा आणि किती अर्थांनी उच्चारतो, ते मोजून पाहा. पानात भात वाढताना "बस, बस", मुलांच्या भांडणात "बास झालं", सकाळी सव्वासातला "बस आली का रे?" पहिल्या आठवड्यात हरणी जेवणाच्या टेबलाशी "बस" ऐकून खरोखर बसत असे आणि वर पाहत असे. कोणी काही देत नाही, कोणी तिच्याकडे पाहतही नाही, असे वीस-पंचवीस वेळा झाल्यावर तो शब्द तिच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखा झाला. "चल"चीही तीच गत. आपला प्रत्येक फोन "चल, ठेवते" असे म्हणून संपतो आणि प्रत्येक वेळी कुत्रा दाराशी जाऊन उभा राहतो.

त्याहून घातक आहे ते "ये". आपल्याकडे ये, दे, घे, ने हे चारही एकाक्षरी आणि चारही ए-कारान्त. फरक फक्त सुरुवातीच्या व्यंजनाचा, आणि तो लांबून, वाऱ्यात, रिक्षांच्या आवाजात पोहोचत नाही. जवळजवळ सारख्या वाजणाऱ्या शब्दांतला एका ध्वनीचा फरक कुत्रे फारसा पकडत नाहीत, असे बुडापेस्टच्या संशोधकांना आढळले आहे. मग "दे" म्हणताच हरणी तोंडातला चेंडू घेऊन जवळ यायची आणि तो द्यायची नाही, यात तिचा काय दोष?

तेव्हा शब्द निवडताना दोन कसोट्या लावा : घरात तो शब्द एरवी बोलला जाऊ नये, आणि कोणत्याही दोन आज्ञांचे स्वर सारखे नसावेत. आम्ही अखेर ठरवलेले सहा शब्द असे : बसण्यासाठी "बैस", जो आमच्या घरात एरवी कोणी वापरत नाही, जागच्या जागी राहण्यासाठी "थांब", तोंडातले टाकण्यासाठी "सोड", पायाशी चालण्यासाठी "बाजूला", चटईवर जाण्यासाठी "मुक्काम", हा मुलाने शोधलेला, आणि जवळ बोलावण्यासाठी गावाकडची "यू-यू-यू" ही हाक. ही हाक मी आधी गावंढळ म्हणून नाकारली होती. पण ती लांबवर जाते, रागाने म्हणता येत नाही, आणि आईच्या तोंडात जन्मापासून बसलेली आहे. आजवर आम्ही घेतलेला सर्वांत चांगला निर्णय हाच.

कुत्र्याचे नावही याच कसोटीला लावा. शेजारच्या विंगेतल्या बीगलचे नाव "राजा" आहे आणि त्याला दूर जायला सांगण्याची आज्ञा "जा". तो दर वेळी बुचकळ्यात पडतो.

ठरलेले शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शब्द एकदाच उच्चारायचा, त्याला "ना", "गं", "बरं का" असे शेपूट जोडायचे नाही, आणि नाव आधी, आज्ञा नंतर, हेही त्याच कागदावर लिहा. "हरणी… बैस." बस्स. "बैस, बैस, बैस ना, अगं बैस" असे चारदा म्हटले, तर कुत्रा चौथ्या वेळी बसायला शिकतो, आणि तेही तुमच्यापुरतेच.

४. शब्दाबरोबर हाताची एकच खूण ठरवा

कुत्रा शब्दापेक्षा शरीर आधी वाचतो. शब्द एक आणि हाताची खूण दुसरी, असे मुद्दाम उलटसुलट करून पाहिले, तर पुष्कळ कुत्रे खुणेच्या बाजूने जातात. हे तुम्ही घरीही करून पाहू शकता. तोंडाने "थांब" म्हणा आणि हाताने बोलवा.

आमच्या घरी या परीक्षेने बरेच उघडे पाडले. मी "बैस" म्हणताना नकळत हनुवटी वर करत होतो. पत्नी कमरेत वाकत होती. आई खुर्चीत बसूनच बोलत होती, म्हणजे तिची हनुवटी आणि कंबर दोन्ही कुत्रीच्या हिशेबात नव्हत्याच. हरणीसाठी "बैस" म्हणजे वर जाणारी हनुवटी होती. एकमेकांचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि आवाज बंद करून पाहा. आज्ञा देताना आपले शरीर काय काय करते, हे पाहून हसू येईल.

त्यानंतर प्रत्येक शब्दाला एक खूण ठरवा, जी बसलेल्या माणसालाही करता येईल आणि एका हातात पिशवी असतानाही जमेल. बसण्यासाठी तळहात वर उचलणे, थांबण्यासाठी पंजा समोर धरणे, बोलावण्यासाठी हात बाजूला आडवा पसरणे, एवढे पुरे. नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याला लांबून आडवा पसरलेला हात आवाजाच्या आधी दिसतो.

५. पहिल्यांदा एकानेच शिकवा

येथे लोक घाई करतात. चौघांनी एकदम शिकवायला घेतले की कुत्रा चार अर्धवट गोष्टी शिकतो. घरातल्या ज्याच्याकडे सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे नक्की असतील, त्या एकाने तीन आठवडे शिकवावे. बाकीच्यांनी तोवर त्या सहा शब्दांपैकी एकही वापरू नये. बसताक्षणी, म्हणजे एका सेकंदाच्या आत, खाऊ तोंडात गेला पाहिजे. दहा प्रयत्नांपैकी किती वेळा पहिल्या उच्चारात जमले, ते वहीत लिहा. सलग तीन दिवस आठ किंवा त्याहून अधिक आले, की पुढच्या पायरीला लागा. त्याआधी नाही.

६. आज्ञेचे हस्तांतर करा

आवाज बदलला म्हणून कुत्र्याला शब्द ओळखता येत नाही, हा गैरसमज आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०१९ साली ७० कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की अनोळखी माणसांनी उच्चारलेला तोच शब्द कुत्रे कोणत्याही शिकवणीशिवाय ओळखतात, आणि बोलणारा बदलला हेही त्यांना कळते. म्हणजे आईने म्हटलेले "बैस" हरणीला कळत होते; पण या माणसाचे "बैस" ऐकून आजवर काही घडलेले नाही, हेही तिला तितकेच कळत होते. हस्तांतर करायचे ते या दुसऱ्या गोष्टीचे.

पहिले तीन-चार दिवस नव्या माणसाने आज्ञा द्यायचीच नाही. त्याने फक्त एक वेळचे जेवण द्यायचे आणि दिवसातून दहा-बारा वेळा जाता-येता एक तुकडा जमिनीवर टाकून पुढे निघून जायचे. हात लावायचा नाही, डोळ्यांत पाहायचे नाही. कारवानच्या बाबतीत हा काळ दहा दिवसांचाही होऊ शकतो. कुत्रा स्वतःहून जवळ येऊन हुंगू लागेपर्यंत थांबा.

पुढचा टप्पा दोघांनी मिळून करायचा. जुना हाताळणारा नव्याच्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभा राहतो. आज्ञा नवा देतो, खाऊही नवाच देतो. जुन्याने गप्प उभे राहायचे. हे वाटते तितके सोपे नाही. आईने "बैस" म्हटले की हरणी माझ्याकडे पाहायची आणि माझी हनुवटी आपोआप वर जायची. ती बसायची, आई खूश, मी खूश, आणि प्रत्यक्षात आज्ञा माझीच चालू. हे लक्षात आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागलो. त्या दिवशी दहापैकी दोनच आले. खरा आकडा तो होता.

भिंतीकडे तोंड करून आठ आले, की एकेक दिवसाने दोन पावले मागे, मग खोलीच्या दारात, मग दाराबाहेर, आणि शेवटी लिफ्टने खाली जा. प्रत्येक वेळी आकडा थोडा घसरेल, दोन दिवसांत पुन्हा चढेल. नव्या माणसासाठी सहाही आज्ञा पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या आहेत. मात्र पत्नीला जे अठरा दिवस लागले, ते मुलाला अकरा आणि आईला नऊ लागले. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत कुत्र्याला उमगते, की हे शब्द सगळ्याच माणसांकडून येऊ शकतात.

या काळात जुन्या हाताळणाऱ्याने एक मोह टाळायचा आहे. नव्याने आज्ञा दिली, कुत्र्याने ऐकली नाही, की पटकन मध्ये पडून आपण तीच आज्ञा दरडावून द्यायची आणि कुत्र्याला बसवून दाखवायचे. त्यात आपला रुबाब दिसतो खरा, पण "हिचे ऐकले नाही तरी चालते, तो बोलेपर्यंत थांबावे" हाच धडा कुत्रा घेतो. अशा वेळी कोणीच काही बोलू नये. नव्याने पाच-सहा सेकंद थांबावे, दोन पावले बाजूला जावे आणि पुन्हा एकदाच म्हणावे.

आवाजाच्या पट्टीविषयीही थोडे सांगायला हवे. बुडापेस्टमध्येच २०१६ साली तेरा कुत्र्यांच्या मेंदूचे स्कॅन करून झालेल्या अभ्यासात, कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही एकत्र आले तेव्हाच कुत्र्याच्या मेंदूतले आनंदाचे केंद्र उजळले. "शाब्बास" हा शब्द कोरडेपणाने म्हटला तर उपयोग नाही, आणि गोड सुरात भलतेच काही बोलूनही नाही. आमच्याकडचे पुरुष येथे कमी पडतात, हे मी स्वतःवरून सांगतो.

७. जागा बदला, आणि ती प्रत्येक माणसासह बदला

दिवाणखान्यात पत्नीचे ऐकणारी कुत्री लिफ्टच्या लॉबीत तिचे ऐकेलच असे नाही. खोली, लॉबी, पार्किंग, पोडियम, फाटकाबाहेरचा पदपथ अशा क्रमाने प्रत्येक माणसाने प्रत्येक जागी पाच-सहा दिवस द्यावेत. पावसाळ्यात पार्किंगचा तळमजला फार उपयोगी पडतो. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर डांबरी रस्त्यावर सराव करू नका, पायाचे तळवे भाजतात. उपवन तलाव किंवा मासुंदा तलावाचा परिसर, वाशीचे मिनी सीशोअर येथे संध्याकाळी कुत्रा नेऊन आज्ञा पाळवून घेणे ही शेवटची परीक्षा आहे, पहिला धडा नव्हे.

८. शिट्टी

ज्यांना मोकळ्या जागेत कुत्रा न्यायचा आहे, त्यांनी शिट्टी शिकवावी. ब्रिटनमध्ये बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांना ती पूर्वापार शिकवतात : एक लांब फुंकर म्हणजे बस, लागोपाठ आखूड फुंकरी म्हणजे परत ये. बर्मिंगहॅममध्ये बनणाऱ्या ॲक्मे शिट्ट्यांवर २१०½, २११½ असे क्रमांक असतात आणि एका क्रमांकाच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच असतो. शिट्टी हरवली किंवा कुत्रा दुसऱ्याच्या हाती गेला, तरी कुत्र्याच्या कानी पडणारा आवाज तोच राहतो, हा त्यामागचा हिशेब आहे. अनेक हाताळणारे असलेल्या घराला याहून सोयीची वस्तू नाही. शिट्टीला राग येत नाही, तिला धाप लागत नाही आणि ती "अगं बाई" म्हणत नाही.

आमच्याकडे मात्र एक विघ्न होते : गाडी मागे घेताना वॉचमन आखूड आखूड शिट्ट्या वाजवतो. त्याच्या शिट्टीत गोळी असते आणि आवाज फडफडतो. आमची बिनगोळीची, सरळ सुराची. हरणीने हा फरक पंधरा दिवसांत ओळखला. तरी पहिल्या आठवड्यात ती दोनदा एका पांढऱ्या व्हॅनपाशी जाऊन शहाण्यासारखी बसली होती.

९. मूल, वृद्ध आणि बाहेरचा माणूस

तिघांनाही सगळ्या आज्ञा देण्याचा अधिकार देऊ नका. मुलाकडे "बैस", "थांब" आणि "मुक्काम" पुरेत. तोंडातली वस्तू सोडवणे आणि रस्त्यावर दोरी धरणे ही कामे मोठ्यांचीच, कारण धावायला निघालेला कारवान अकरा वर्षांच्या मुलाला सहज आडवा पाडतो. सोसायटीतली मुले गंमत म्हणून "छू" म्हणतात. पाठलाग हाच ज्याचा स्वभाव, अशा कुत्र्याला ते शिकू देऊ नका, आणि मुलांनाही तसे गोड शब्दांत पण ठामपणे सांगा. वृद्धांसाठी बसल्या जागेवरून होणारा सराव ठेवा.

फिरवायला येणारा माणूस बहुधा हिंदी बोलतो आणि दिवसाला आठ-दहा कुत्रे सांभाळतो; त्याच्या तोंडात "बैठ", "आजा", "छोड़" बसलेले असते. आमचा पहिला माणूस एका सेवेमार्फत आला होता. मी त्याच्या हाती फ्रिजवरच्या यादीचा फोटो दिला आणि काम झाले असे समजलो. चौथ्या दिवशी फाटकाशी मांजर दिसले, त्याने "रुक, रुक" म्हणत दोरी मागे खेचली, साधा पट्टा कानांवरून निघाला आणि हरणी सर्व्हिस रोडवर. वीस मिनिटांनी ती एका टपरीमागे सापडली, केवळ नशिबाने. त्या माणसाला मी मनापासून दोष देऊ शकत नाही. हस्तांतर न करता कुत्री त्याच्या हाती देणारा मीच होतो.

तेव्हा बाहेरच्या माणसासाठीही सहावी पायरी पूर्ण करा. त्यासाठी आठवडाभर त्याच्याबरोबर फिरा आणि त्या वेळेचे पैसे त्याला द्या. त्याला मराठी शब्द जमत नसतील, तर हट्ट न धरता कुत्र्याला त्याचा शब्द शिकवता येतो. आधी नवा शब्द, एक सेकंद थांबून जुना शब्द, मग खाऊ : "बैठ… बैस." चार-पाच दिवसांत कुत्रा जुन्या शब्दाची वाट न पाहता बसू लागतो. हा क्रम उलटा करू नका. जुना शब्द आधी आला की नव्याकडे लक्ष देण्याचे कुत्र्याला कारणच उरत नाही.

दरडावणारा, मारणारा किंवा पट्टा झटकणारा माणूस मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. त्याचे कुत्रा ऐकतो असे दिसेल. पण तो त्या माणसाला घाबरतो, आणि तीच आज्ञा तुमच्या आईने दिली की कानाडोळा करतो.

१०. जेथे कोणाचीच आज्ञा चालत नाही, तेथे दोरी सोडू नका

मांजर, खार किंवा फडफडणारे कबुतर पाहून निघालेल्या कारवानला परत बोलावणे मला आजही दहापैकी सहा वेळाच जमते, इतरांना त्याहून कमी. म्हणून कुंपण नसलेल्या जागी आमची हरणी लांब दोरीवरच असते, मग हाताळणारा कोणीही असो. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्या कडेला कुत्रा मोकळा सोडणे म्हणजे त्याला वाढून ठेवणे होय. नवी मुंबईकरांनी पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळ जागांवर आणि खाडीकाठी हेच पथ्य पाळावे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि पक्ष्यांच्या थव्यात घुसलेला कुत्रा तेथे कोणालाच नको असतो. रस्त्यावर आपल्या कुत्र्यामुळे कोणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले जाते ते कुत्रा ज्याच्या ताब्यात असेल त्याला. दोरी हाती घेणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

११. आकडा एकाचा घसरला की सगळ्यांचा, ते पाहा

वही बंद करू नका. महिन्यातून एकदा प्रत्येकाने दहा-दहा प्रयत्न करून आकडे लिहावेत. एकाच माणसाचा आकडा घसरला असेल, तर त्याचे चित्रीकरण करून पाहा. शब्दाला शेपूट लागलेले असते किंवा खाऊ उशिरा पोहोचत असतो. दिवाळीच्या फटाक्यांनंतर आठ-दहा दिवस सगळ्यांचेच आकडे खाली येतात, ते आपोआप सावरतात.

परंतु फटाके नाहीत, नवे माणूस नाही, जागाही तीच, आणि तरीही सगळ्यांचे आकडे एकाच आठवड्यात उतरले, तर सराव वाढवू नका. शेजारच्या राजाच्या बाबतीत ऑगस्टमध्ये असेच झाले. घरचे त्याला हट्टी ठरवून मोकळे झाले होते. बीगलचे लोंबते कान पावसाळ्यात आतून ओले राहतात. कानाचा पाळा उलटून वास घ्या, डोके एका बाजूला कलते आहे का आणि मागच्या पायाने कान खाजवतो आहे का ते पाहा, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. राजाच्या दोन्ही कानांत संसर्ग निघाला होता आणि औषधाच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा पहिल्या हाकेला येऊ लागला.